'निगेटिव्ह' बाळाची शिदोरी

दरवर्षी १ डिसेंबर उजाडला, की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्याप्रमाणे येते. जिल्ह्यात वर्षभरात इतक्या एचआयव्हीबाधित माता बाळंत झाल्या, त्यांपैकी इतक्यांची बाळे 'निगेटिव्ह' निघाली. बातमी आनंदाची असते आणि खरीही असते. काहीच उपचार नसतील, तर बाधित आईपासून बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात पंधरापासून पंचेचाळीसपर्यंत जाते. आई वेळेवर आणि नियमाने औषधे घेत असेल, तर ते एक-दोनावर, कधी त्याच्याही खाली येते. बालरोगतज्ज्ञ म्हणून सरकारी नोकरीत माझी जी वर्षे गेली, त्यांत हा बदल मी प्रत्यक्ष पाहिला आहे. एकेकाळी आमच्या वॉर्डात हाडांचा सापळा झालेली दीड-दोन वर्षांची मुले असत. तशी मुले आता क्वचितच दिसतात. वैद्यकशास्त्राने अलीकडे जी थोडी निर्भेळ यशे मिळवली, त्यांत याची गणना करावी लागेल.

पण या बातमीत एक पूर्णविराम आहे आणि तो जरा घाईने दिलेला आहे. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यात, सहाव्या महिन्यात, मग वर्षाला अशी होत जाते. अठराव्या महिन्यात शेवटची तपासणी झाली, की कार्डावर शेरा पडतो आणि मूल कार्यक्रमातून बाहेर पडते. विषाणू नाही म्हणजे प्रश्न नाही, असा आपला हिशेब. आईच्या पोटात नऊ महिने या विषाणूच्या शेजारी राहून, त्याची बाधा न होता जन्मलेली मुले आज जगात दीड कोटींहून अधिक आहेत. आपल्या देशात दरवर्षी वीस हजारांच्या आसपास बाधित स्त्रिया गरोदर असतात, असा सरकारी अंदाज आहे. म्हणजे अशा मुलांची भर आपल्याकडेही पडतेच आहे. यांतली बहुतेक मुले चांगली वाढतात, शाळेत जातात, पडतात, रडतात, इतरांसारखीच असतात. तथापि पहिल्या दोन वर्षांत, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, ही बाळे शेजारच्या बाळांपेक्षा अधिक आजारी पडतात आणि अधिक दगावतात. असे का होते, हे समजून घ्यायचे तर थेट गर्भाशयापर्यंत जावे लागते.

वार म्हणजे बाळंतपणानंतर टाकून देण्याची वस्तू, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात नऊ महिने तिच्याइतके कष्ट दुसरे कोणी करत नाही. आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांची सरमिसळ होत नाही. मध्ये वारेच्या पेशींचा एक अखंड पदर असतो आणि तो विषाणूला सहसा आत येऊ देत नाही. त्यामागे वारेतल्या स्वतःच्या भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. त्यांना हॉफबाउर पेशी म्हणतात. म्हणूनच औषध न घेणाऱ्या आईचेही बाळ बहुतेक वेळा गर्भावस्थेत सुटते. अंगावर न पाजलेल्या ज्या बाळांना लागण होते, त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांशांना ती बाळंतपणाच्या सुमारास होते. वारेला जंतुसंसर्गाने सूज आली, आईला मलेरिया किंवा अन्य आजार जडला, तर हा पदर विरतो. एरवी तो टिकून असतो. निसर्गाच्या या कारागिरीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

पण वारेचे काम फक्त अडवण्याचे नाही, देण्याचेही आहे. नवजात बाळाला स्वतःची प्रतिपिंडे बनवण्याची फारशी हातोटी नसते. म्हणून आई आपली प्रतिपिंडे त्याला आधीच देऊन ठेवते. तिला लहानपणी गोवर आला असेल, धनुर्वाताची लस टोचली असेल, डांग्या खोकल्याशी कधी गाठ पडली असेल, त्या साऱ्या लढायांची ही शिदोरी. वारेच्या पेशींवर खास ग्राहक रेणू असतात. ते आईच्या रक्तातले आयजीजी जातीचे प्रतिपिंड धरतात आणि पलीकडे नेऊन सोडतात. ही वाहतूक चौथ्या महिन्यापासून हळूहळू सुरू होते, पण खरा माल जातो तो शेवटच्या चार-सहा आठवड्यांत. पुरे दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तात या प्रतिपिंडांचे प्रमाण आईपेक्षाही थोडे जास्तच भरते. या शिदोरीवर बाळ पहिले काही महिने काढते, तोवर त्याच्या लसी सुरू झालेल्या असतात.

एचआयव्हीबाधित आईच्या बाबतीत ही शिदोरी दोन्हीकडून घटते. हा विषाणू सीडी-४ पेशी मारतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींनाही उगीच डिवचत राहतो. त्यामुळे आईच्या रक्तात प्रतिपिंडांची गर्दी होते, मात्र त्यांतली पुष्कळशी निरुपयोगी असतात. गोवर-धनुर्वाताविरुद्धची, म्हणजे कामाची प्रतिपिंडे मात्र कमी झालेली असतात. त्यात वारेवरचे ग्राहक रेणू मोजकेच. एस.टी.च्या दारात रिकामटेकड्यांचीच रेटारेटी झाली, तर ज्याला खरोखर गावाला जायचे आहे तो खाली राहतो, तसेच काहीसे येथे होत असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बाधा न झालेल्या, पण बाधित आईच्या बाळांत जन्मतः डांग्या खोकला, धनुर्वात, न्यूमोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे इतर बाळांपेक्षा कमी आढळली. त्याच अभ्यासात एक दिलासाही होता. वेळेवर लसी टोचल्यावर याच बाळांनी चांगला प्रतिसाद दिला, डांग्या खोकल्याच्या बाबतीत तर इतरांपेक्षाही सरस. म्हणजे कोठार रिकामे असले, तरी कारखाना बंद नाही.

कारखान्याचीही एक कथा आहे. गर्भाची प्रतिकारशक्ती झोपलेली असते, ती जन्मल्यावर जागी होते, असे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. आता चित्र निराळे दिसते. आईच्या काही पेशी वार ओलांडून गर्भाच्या लसिकाग्रंथींत जाऊन बसतात, आणि गर्भ त्यांच्यावर हल्ला करण्याऐवजी त्यांना आवरून घेणाऱ्या पेशी तयार करतो, असे २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. गर्भ झोपलेला नाही. तो सबुरी शिकतो आहे. काय सोसायचे आणि कशावर तुटून पडायचे, याचे पहिले धडे तो आईच्या रक्तातून येणाऱ्या निरोपांवरून घेतो. बाधित आईच्या शरीरात मात्र सतत धुमसणारी आग असते. विषाणू आतड्याच्या अस्तराला इजा करतो, जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, आणि तिची प्रतिकारयंत्रणा रात्रंदिवस सावधानतेच्या भोंग्यावर राहते. तो भोंगा पलीकडेही ऐकू जातो.

काही बाळांच्या नाळेच्या रक्तात एचआयव्हीचे तुकडे ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या आहेत आणि त्या बाळांना विषाणूची बाधा मात्र नव्हती. म्हणजे गर्भाने शत्रू पाहिला, त्याची नोंद घेतली, आणि शत्रू आत शिरला नाही. ही बाब विलक्षण आहे. लस शोधणाऱ्यांना तिचे आकर्षण वाटले, यात नवल नाही. पण त्याची किंमतही दिसते. अशा बाळांत अनुभव नसलेल्या, कोऱ्या टी-पेशी काही अभ्यासांत कमी भरल्या, आणि वेळेआधीच चाळवलेल्या पेशी जास्त. टी-पेशींची शाळा म्हणजे छातीतली थायमस ग्रंथी. डेन्मार्कमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या शाळेतून बाहेर पडणाऱ्या नव्या पेशीच कमी आढळल्या. हे फरक पुढे कमी होत जातात. पण बाळाला गरज असते ती पहिल्या वर्षात.

आकडे पाहायचे तर झिंबाब्वेचे पाहावेत. हरारे शहरात १९९७ ते २००० या काळात १४,११० माता आणि त्यांची नवजात बाळे एका मोठ्या अभ्यासात घेतली गेली. त्या वेळी तेथे एचआयव्हीची औषधे मिळत नव्हती. दोन वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण, आई बाधित नसलेल्यांत २.९ टक्के होते. गर्भातच लागण झालेल्यांत ते ६७.७ टक्के होते. आणि आई बाधित, पण बाळ सुटलेले, अशांत ९.२ टक्के. पहिला आणि दुसरा आकडा सर्वांना समजतो. तिसऱ्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेले नाही. ही मुले 'निगेटिव्ह' होती.

ती का दगावली, याचे एकच उत्तर देता येत नाही. संशयित तीन आहेत : विषाणू, औषध आणि घर. औषधाला आरोपी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की हरारेत औषध नव्हतेच. घराचा वाटा मात्र मोठा आहे. आई आजारी, वडील आजारी किंवा गेलेले, मजुरी बुडालेली, दूध आटलेले, घरात क्षयरोगाचा खोकला. प्रतिपिंडांची शिदोरी कमी असलेले बाळ नेमके अशाच घरात जन्माला येते.

याचे उदाहरण मला आमच्या बाह्यरुग्ण विभागात मिळाले. सात महिन्यांचे बाळ न्यूमोनियाने दुसऱ्यांदा दाखल झाले होते. सोबत आई आणि आजी. आजीला सर्व ठाऊक होते. असे आमच्याकडे क्वचितच घडते. तिने मला सरळ विचारले, "साहेब, रिपोर्ट चांगला आला म्हणता. मग ह्यो सारखा आजारी का पडतोय?"

तिचा प्रश्न बरोबर होता. केसपेपर पाहिला. आईचे निदान आठव्या महिन्यात झालेले. ती पाचव्यापर्यंत सासरी एका गावात नाव नोंदवून होती, मग पहिल्या बाळंतपणाला माहेरी दुसऱ्या तालुक्यात गेली, आणि रक्ताची तपासणी तेथे गेल्यावर झाली. औषध सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले, तोच कळा सुरू झाल्या. बाळ अपुऱ्या दिवसांचे, वजन १ किलो ९०० ग्रॅम. म्हणजे शिदोरी बांधायचे शेवटचे आठवडे त्याला मिळालेच नाहीत. मी म्हटले, "मावशी, बाळाला तो आजार नाही, हे खरे आहे. पण आईकडून जी ताकद पोटात मिळायची, ती त्याला थोडी कमी मिळाली. म्हणून त्याला वर्षभर जास्त जपायचे." मग आईकडे वळून विचारले, "ताई, तुम्हाला खोकला किती दिवस आहे?" ती सासूकडे बघून थोडी घुटमळली. "दोन महिने झाले." थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. बाळाच्या दोन्ही दाखल्यांत कोणी आईला खोकल्याचे विचारले नव्हते, कारण सगळे बाळाकडे पाहत होते.

पुण्यात २००२ ते २००५ या काळात ७१५ बाधित बाळंतिणींचा पाठपुरावा झाला होता. त्यांपैकी २४ जणींना बाळंतपणानंतर क्षयरोग झाला. ज्यांना झाला, त्यांच्या बाळांचा मृत्यूचा धोका तिपटीहून अधिक भरला. ही आपल्या मातीतली माहिती आहे. एचआयव्ही आणि क्षय यांची जोडगोळी आपल्याकडे जुनीच. बाळंतिणीचा खोकला 'थंडी लागली असेल' म्हणून सोडून देण्याची सवयही तितकीच जुनी.

दुधाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गोंधळ सर्वांत जास्त येथे आहे. विषाणू आईच्या दुधातून जाऊ शकतो, हे खरे. म्हणून एकेकाळी वरचे दूध द्या, असा सल्ला सर्रास दिला जाई. पण डरबन येथील १९९९ सालच्या अभ्यासात वेगळेच दिसले. तीन महिन्यांच्या वयाला लागण सर्वांत जास्त होती ती अंगावरचे दूध आणि वरचे, दोन्ही घेणाऱ्या बाळांत, सुमारे २४ टक्के. केवळ अंगावरच पिणाऱ्यांत ती पंधरा टक्क्यांच्या आत होती. वरच्या अन्नाने आतड्याचे कोवळे अस्तर दुखावते आणि विषाणूला वाट मिळते, असा त्याचा अर्थ लावतात. आता आपल्याकडे 'मिश्र' आहार म्हणजे काय, तर मधाचे बोट, बाळगुटी, ग्राइपवॉटर, उन्हाळा म्हणून दोन चमचे पाणी. आईला विचारावे, तर ती प्रामाणिकपणे सांगते, "अंगावरच आहे, वरचे काही नाही." गुटी हे तिच्या लेखी वरचे नसतेच! म्हणून मी मातांना 'फक्त स्तनपान' हे पुस्तकी शब्द सांगत नाही. मध नको, गुटी नको, पाणी नको, अशी एकेक वस्तू नाव घेऊन सांगतो, आणि आजीसमोर सांगतो. आई औषध नीट घेत असेल, तर दुधातून लागण होण्याचा धोका आज फारच थोडा उरतो. आणि वारेतून कमी पडलेल्या शिदोरीची थोडी भरपाई करणारे दुसरे साधन बाळाला मिळते ते हेच.

औषधांचा विषय टाळून चालणार नाही. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या चाचणीत झायडोव्हुडीन या एका औषधाने बाळांतील लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आणली, तेथून या कथेची सुरुवात झाली. १९९९ मध्ये युगांडातून नेव्हिरॅपिनच्या एका गोळीची वार्ता आली. आपल्याकडे २००० च्या दशकात हीच गोळी कळा सुरू झाल्यावर दिली जात असे. २०१४ पासून मात्र प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराचे तीन औषधांचे उपचार, हे आपले राष्ट्रीय धोरण आहे. हे उत्तमच झाले. पण फुकट काही मिळत नाही. भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन औषधांच्या उपचाराने लागण १.८ वरून अर्ध्या टक्क्यावर आली. त्याच वेळी झायडोव्हुडीनवर आधारलेल्या तीन औषधांच्या गटात कमी वजनाची बाळे २३ टक्के होती, आणि केवळ झायडोव्हुडीन घेणाऱ्या गटात १२ टक्के. ती औषधे आता मागे पडली, डोल्युटेग्राविर आले. बोट्स्वानातून २०१८ साली त्याच्याविषयी जन्मजात व्यंगाची भीती व्यक्त झाली होती. पुढे अधिक बाळंतपणांचे आकडे हाती आल्यावर ती ओसरली. यातून औषध थांबवा, असा निष्कर्ष काढणे म्हणजे आगीला घाबरून चूलच विझवणे. बाधित आईच्या पोटातले बाळ कमी वजनाचे होणे, आधी जन्मणे, पोटातच दगावणे, याचा धोका उपचार नसतानाही वाढलेलाच असतो. निष्कर्ष एवढाच, की अशा गरोदर स्त्रीचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि दिवस याकडे दुप्पट लक्ष हवे. आपल्याकडे होते उलट. 'ती केस' म्हटले, की तपासणाऱ्याचा हात आखडतो. एका रुग्णालयात अशा बाईच्या केसपेपरवर लाल शाईने मोठी खूण केलेली मी पाहिली आहे, आणि तिची पोटतपासणी मात्र कागदावर कोठेच नव्हती.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. फ्रान्समध्ये ज्या स्त्रियांनी दिवस राहण्याआधीपासून औषध घेतले, ते सोडले नाही, आणि बाळंतपणाच्या वेळी ज्यांच्या रक्तातले विषाणू मोजणीच्या मर्यादेखाली होते, अशांच्या २,६५१ बाळांपैकी एकालाही लागण झाली नाही. बेल्जियममधला २०१९ सालचा अभ्यास याहून पुढचे सांगतो. गरोदरपणात औषध सुरू केलेल्या मातांची बाधा न झालेली बाळे जंतुसंसर्गाने रुग्णालयात जास्त दाखल झाली. आधीपासून औषध घेणाऱ्यांच्या बाळांत हा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणजे आईच्या शरीरातली आग आधीच विझलेली असेल, तर बाळाच्या वाट्याला तो भोंगा येतच नाही. आपल्याकडे मात्र अनेक स्त्रियांना आपले निदान कळते तेच गरोदरपणात, आणि कधी कधी तेही नवऱ्याच्या आधी. बाईचे रक्त तपासले जाते कारण ती दवाखान्यात येते. नवरा येत नाही, म्हणून त्याचे तपासले जात नाही. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षे विषाणू तिच्या शरीरात बिनबोभाट राहतो. निदान झाल्यावरही गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवणाऱ्या, पाहुणे आले की दोन दिवस खंड पाडणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. त्यांना निष्काळजी म्हणणे सोपे आहे. ज्या घरात गोळीचे नाव विचारले जाते, त्या घरात राहून पाहावे.

एक भीती मलाही वाटते. 'बाधा नाही, पण संपर्क झालेला' असा नवा वर्ग तयार केला, तर त्या मुलाच्या कपाळावर नवे लेबल चिकटायचे. आई-बापाच्या आजारामुळे शाळेतून काढलेली मुले आपण पाहिली आहेत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने असा भेदभाव आणि माहिती फोडणे, दोन्हींना मनाई केली. पण कायदा शाळेच्या फाटकापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून ही माहिती डॉक्टर आणि आई यांच्यात राहावी. शाळेच्या, अंगणवाडीच्या कागदावर ती येण्याचे काही कारण नाही. मूल कोणाला काही लावणार नाही. त्यालाच जरा जास्त जपायचे आहे.

जपायचे म्हणजे काय, हे फार अवघड नाही. सहाव्या आठवड्यापासून को-ट्रायमॉक्साझोल, ते बाधा नसल्याची खात्री होईपर्यंत. ताप आला, श्वास जोरात चालू लागला, तर 'उद्या बघू' नाही. गोवराची शिदोरी लवकर संपते, म्हणून अशा बाळांना नेहमीच्या डोसांखेरीज सहा महिन्यांनंतर एक जादा डोस द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दर भेटीत बाळाचे वजन, आणि आईला खोकल्याचा प्रश्न. आणि एक बारीकसा योगायोग. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान त्रिगुणी लसीचा बूस्टर आणि गोवराचा दुसरा डोस असतो. नेमक्या त्याच सुमारास, अठराव्या महिन्यात, ही आई शेवटच्या तपासणीला येते, हायसे वाटून घरी जाते आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. तेव्हा निकाल हातात देण्याआधी मी लसीचे कार्ड मागतो. ते दोन डोस तेथेच टोचून घेतो, आणि पाच वर्षांच्या बूस्टरची तारीख कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो.